मध्ययुगीन युरोपचं नाटक वेदीपाशी जन्मलं की वाटेवर?

वाटेवरचा

आमच्या वाचन मंडळात गेल्या रविवारी युरोपच्या रंगभूमीवरचं एक टिपण वाचलं गेलं. त्यात ती नेहमीची गोष्ट होती: रोमन साम्राज्य कोसळलं, नाटक पाचशे वर्षं मेलं, दहाव्या शतकात ते चर्चमध्ये वेदीपाशी पुन्हा जन्मलं, वेदीपासून दाराशी आलं, दारातून बाजारात गेलं आणि तिथे वाढून शेवटी लंडनच्या नाटकघरांत पोचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे अर्धवट बोललो, इथे नीट मांडतो.

या गोष्टीतून एक अख्खी जमात गाळली गेली आहे. गावोगाव फिरून पोट भरणारे नकलाकार, गाणारे, कोलांट्या मारणारे, अस्वलं खेळवणारे. लॅटिन कागदांत त्यांना मिमुस, हिस्त्रिओ, योकुलातोर म्हटलंय, फ्रेंचमध्ये जोंग्लर, जर्मनमध्ये श्पीलमान. त्या 'मेलेल्या' पाचशे वर्षांत ही माणसं कुठे होती? रस्त्यावरच होती, आणि याचा पुरावा खुद्द चर्चने ठेवलाय. ३१४ मध्ये आर्लच्या धर्मसभेने ठरवलं की नट जोवर नटाचा धंदा करतो तोवर तो धर्माबाहेर. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारातला विद्वान अल्क्विन पत्रात बजावतो, की नट, नकलाकार आणि नाचे यांना जो घरात घेतो, त्याला हे कळत नाही की त्यांच्यामागून भुतांची केवढी फौज आत शिरते. इतकी शतकं 'याला घरात घेऊ नका' म्हणून सांगावं लागत होतं, म्हणजे तो दाराशी येत होता आणि लोक त्याला घेतही होते.

समाजात त्यांची किंमत काय होती, तेही सांगतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला 'साक्सेनश्पीगेल' हा जर्मन कायदेग्रंथ घ्या. कुणी तुमच्यावर अन्याय केला तर भरपाई किती मिळावी, हे त्यात माणसाचा दर्जा पाहून ठरवलंय. श्पीलमानाला भरपाई म्हणून मिळते एका माणसाची सावली. पैसा नाही, धान्य नाही, सावली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून होतो.

मठातल्या साधूने ईस्टरच्या पहाटे देवदूताचं सोंग घेतलं तो दिवस आपण रंगभूमीचा वाढदिवस म्हणून पाठ करायचा, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोंग हाच धंदा केला त्यांना तळटिपेत टाकायचं, हे मला मान्य नाही. अभिनयाची विद्या या भटक्यांनी जिवंत ठेवली. धर्माने ती त्यांच्याकडून उसनी घेतली.

शिलालेख

वाटेवरचा, तुमची कळकळ पोचली. पण शेवटच्या वाक्याला आधार कोणता? भटके कलावंत होते, हे कुणी नाकारत नाही. ते नाटक करत होते का, हा प्रश्न आहे. कोलांटी म्हणजे नाटक नव्हे आणि अस्वल खेळवणं तर नव्हेच.

कागद काय सांगतात ते बघू. ९७० च्या सुमारास विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी इंग्लंडमधल्या मठांसाठी एक नियमावली तयार केली. तिच्यात ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेचा भाग आहे. चार बंधूंनी वस्त्रं चढवायची. एकाने पांढरा झगा घालून, जणू दुसऱ्याच कामाला निघालाय अशा रीतीने, येशूचं थडगं मानलेल्या जागेपाशी गुपचूप जाऊन बसायचं, हातात ताडाची फांदी घेऊन. मग बाकीच्या तिघांनी धुपाटणी घेऊन यायचं, पावलागणिक थबकत, काहीतरी शोधत असल्यासारखं. बसलेल्याने हळू, गोड आवाजात विचारायचं, 'क्वेम क्वेरितिस?', तुम्ही कुणाला शोधताय? ते म्हणणार, नाझरेथच्या येशूला. तो सांगणार, तो इथे नाही, म्हटल्याप्रमाणे उठलाय. मग पडदा बाजूला करून रिकामी जागा दाखवायची. तिघांनी धुपाटणी तिथेच ठेवायची, ज्यात देह गुंडाळला होता ते कापड उचलून सगळ्यांसमोर पसरून धरायचं. शेवटी सगळ्या घंटा एकदम वाजवायच्या.

यात पात्र आहे, संवाद आहे, वेष आहे, हातातली वस्तू आहे, चाल कशी हवी याची सूचना आहे. आणि त्या मजकुरातच लिहिलंय की हे थडग्यावर बसलेल्या देवदूताचं आणि सुगंधी लेप घेऊन आलेल्या स्त्रियांचं अनुकरण आहे. भटक्यांकडून उसनं घेतल्याचा मागमूस कुठे आहे? उलट १२१६ च्या आसपास थॉमस ऑफ चॉबम हा इंग्लिश धर्मशास्त्री कलावंतांची वर्गवारी करतो. अंग वेडंवाकडं करणारे आणि ओंगळ मुखवटे घालणारे एक, दरबारात राहून गैरहजर माणसांची निंदा करणारे दुसरे, वाद्यं वाजवणारे तिसरे. या तिसऱ्यांतही दारूच्या गुत्त्यात वाह्यात गाणी म्हणणारे वेगळे, आणि राजांचे पराक्रम व संतांची चरित्रं गाणारे वेगळे. या शेवटच्यांना तेवढी तो सवलत देतो. या यादीत आपण ज्याला नाटक म्हणतो ते करणारा एकही नाही.

तालीममास्तर

मी हौशी नाटकं बसवतो, तीस वर्षं झाली. म्हणून इतिहासापेक्षा तालमीच्या बाजूने बोलतो.

बाराव्या शतकातलं आदमाचं एक नाटक आहे, नॉर्मन फ्रेंच बोलीतलं. संवाद बोलीभाषेत, रंगसूचना लॅटिनमध्ये. त्या सूचना वाचल्या तेव्हा मला माझीच वही वाचतोय असं वाटलं. स्वर्ग उंचावर बांधा, भोवती रेशमी पडदे लावा, पण इतक्याच उंचीचे की आतल्या माणसांचे खांदे वर दिसले पाहिजेत. फुलं, पानं, फळं लटकवा. आदमाला नीट शिकवा की उत्तर द्यायची वेळ कुठली, म्हणजे तो घाईही करणार नाही आणि रेंगाळणारही नाही. एकट्या आदमालाच नव्हे, सगळ्यांनाच सांगा की बोलताना हावभाव बोलण्याला साजेसा हवा, कवितेत एक अक्षर जास्त नको, एक कमी नको. आणि जो स्वर्गाचं नाव घेईल त्याने स्वर्गाकडे बघावं, हाताने दाखवावं.

शिलालेख, मला सांगा, या सूचना कुणासाठी लिहिल्यात? नवख्यांसाठी. बारा महिने हेच करून पोट भरणाऱ्या नटाला 'घाई करू नकोस' हे लिहून द्यावं लागत नाही. म्हणजे करणारे धंदेवाईक नव्हते, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण लिहिणाऱ्याला ही अक्कल कुठून आली? वाक्याच्या टोकाला नट घाई करतो, ही चूक त्याने कुठेतरी डोळ्यांनी पाहिलेली आहे. आणि त्याच नाटकात सैतान प्रेक्षकांत घुसून धावतात, आदम-हव्वेला साखळ्या घालून नरकात ओढत नेतात, आतून धूर निघतो आणि हंडे-कढया बडवल्याचा दणदणाट होतो. हे वेदीपाशी सुचत नाही हो. गर्दीतून धावायचं कसं, लोकांना घाबरवायचं कसं आणि तरी कुणाला धक्का लागू द्यायचा नाही कसा, हे रस्त्यावर शिकायचं काम आहे.

शिलालेख

तालीममास्तर, 'लिहिणाऱ्याने पाहिलं असणार' हा तर्क आहे, कागद नव्हे. तर्क चांगला आहे एवढं मान्य करतो.

वाटेवरचा

कागद हवा ना? अरासला चला. उत्तर फ्रान्समधलं कापडाच्या व्यापारावर गब्बर झालेलं शहर. तिथे जोंग्लरांचा संघ होता, आणि तो चोरून-लपून नव्हे, थेट मेरीमातेच्या नावाने. त्याची कथा अशी. ११०५ मध्ये शहरात अंगाची आग होऊन हातपाय काळे पडण्याची साथ आली. राय नावाच्या धान्यावर बुरशी येते, तिने हा रोग होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा दोन जोंग्लर होते, इतिए आणि नॉर्मां, एकमेकांचे हाडवैरी. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी एकाच रात्री मेरीमातेने दर्शन दिलं आणि अरासच्या बिशपकडे जायला सांगितलं. बिशपने आधी दोघांचं भांडण मिटवलं, मग रात्रभर प्रार्थना केली, तेव्हा मातेने एक मेणबत्ती दिली. तिचं मेण पाण्यात टाकून ते पाणी रोग्यांना पाजलं, लोक बरे झाले.

कथा खरी की खोटी हे मी विचारत नाही. शहराने आपल्या सर्वांत पवित्र वस्तूचे राखणदार म्हणून कुणाला निवडलं ते बघा. जोंग्लरांना. ज्यांना जर्मन कायदा सावली देतो, त्यांना. या संघाची सदस्यांची वही आजही आहे, बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्यापर्यंतची, आणि तिच्यात जोंग्लर आणि व्यापारी एकत्र नोंदलेले आहेत.

याच संघातला माणूस झां बोदेल. १२०० च्या आसपास त्याने संत निकोलसवर नाटक लिहिलं. धर्मयुद्ध, देवदूत, चमत्कार सगळं त्यात आहे. पण नाटक जिथे रमतं ती जागा म्हणजे दारूचा गुत्ता. राजा मूर्तिपूजकांचा, देश दूरचा, आणि गुत्त्यात माणसं बोलतात अस्सल अरासची बोली, फासे टाकतात, हिशोबावरून भांडतात, बाहेर हाकारा नवी दारू आली म्हणून ओरडतो. हे लिहिणारा मठातला साधू नाही, जोंग्लरांच्या संघातला कवी आहे. पुढे त्याला महारोग झाला, तेव्हा त्याने एकेका मित्राचं नाव घेऊन निरोपाचं काव्य लिहिलं आणि शहर सोडलं.

धर्मनाटक आणि भटके कलावंत यांची गाठ पडल्याचा याहून स्पष्ट कागद मी कुठून आणू?

उत्तरवारा

लीड्सहून लिहितेय. दोघांचं वाचून झालं आणि वाटलं की तुम्ही दोघंही उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या बाजूला फिरकलाच नाहीत.

२०१८ मध्ये आम्ही तिथली, आता नव्याने बसवलेली, जुनी गाड्यांवरची नाटकं बघायला गेलो होतो. दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि माणसांनी ढकलत आणलेला लाकडी गाडा. गाडा येताना आधी ऐकू येतो, चाकांचा आवाज दगडावर घुमतो, मग कोपऱ्यावर दिसतो. क्रुसावर चढवण्याचा प्रसंग माझ्यापासून चार हातांवर होता. हे नाटक मुळात खिळे-टाचण्या करणाऱ्यांच्या गिल्डचं, म्हणजे त्या धंद्यातल्या कारागिरांच्या संघाचं. चार शिपाई काम करत असतात. काम म्हणजे काम, सुतारकाम. क्रूस आडवा, येशू त्यावर झोपलेला, म्हणजे आपल्याला तो दिसतच नाही, दिसतात या चौघांच्या वाकलेल्या पाठी. एक हात ठोकून होतो, आणि कळतं की दुसऱ्या हाताचं भोक लांब पाडलंय, हात पोचत नाही. मग दोरी बांधून हात ओढतात. आपापसांत कुरबुर चालू, तू नीट धर, माझा खांदा निखळला, केवढा जड आहे. पुढे क्रूस उभा करतात तर खोबणीत तो डगमगतो, मग पाचरी ठोकतात. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. पहिल्या घावाला त्यांनी स्वतःचा तळहात दुसऱ्या हाताने झाकून घेतला, आणि शेवटपर्यंत तो तसाच झाकलेला होता.

आणि मग वर चढवलेला येशू बोलतो, 'वाटेने, रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांनो'. तो आपल्याशीच बोलत असतो, कारण आपण खरोखरच रस्त्यात उभे असतो.

हे नाटक साधूंचं नाही आणि जोंग्लरांचंही नाही. हे रोज खिळा हातात धरणाऱ्यांचं आहे. भोक चुकलं तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. यॉर्कमध्ये जहाज बांधणाऱ्यांकडे नोहाची नौका बांधायचं नाटक, बेकऱ्यांकडे शेवटचं भोजन. १३७६ मध्ये या गाड्यांची पहिली नोंद सापडते आणि १५६९ पर्यंत ती नाटकं होत राहिली. पहाटे साडेचारला नटांनी तयार राहायचं, शहरात बारा ठिकाणी गाडे थांबायचे, आणि एकेका गिल्डने तोच प्रसंग प्रत्येक ठिकाणी नव्याने करायचा. चर्च होतं, पण सणाचं निमित्त म्हणून. पोप चौथे अर्बन यांनी १२६४ मध्ये कॉर्पस क्रिस्तीचा, म्हणजे येशूच्या देहाचा, सण घातला नसता तर ही मिरवणूक आणि हा दिवस मिळाला नसता, एवढं चर्चचं देणं. बाकी पैसा, घाम आणि भाषा शहराची.

शिलालेख

उत्तरवारा, तुमचं लिखाण वाचून मला माझी जागा थोडी बदलावी लागतेय, ते आधी लिहून टाकतो. वेदी, मग दार, मग बाजार अशी जी शिडी पाठ्यपुस्तकांत लावलेली असते, ती मोडकी आहे. १९०३ मध्ये ई. के. चेंबर्स यांनी इंग्लंडच्या मध्ययुगीन रंगभूमीवर मोठा ग्रंथ लिहिला, तिथून ती बहुतेकांच्या डोक्यात बसली. पण गाडे रस्त्यावर फिरत होते तेव्हाही चर्चच्या आत ईस्टरच्या पहाटे 'क्वेम क्वेरितिस' चालूच होतं. एक मरून दुसरं जन्मलेलं नाही. शेजारी शेजारी दोन्ही नांदली.

मात्र धर्मगुरूंना 'निमित्त' म्हणून बाजूला सारू नका. यॉर्कची ४७ नाटकं एका हस्तलिखितात आहेत. धर्मशास्त्र, लॅटिन स्तोत्रं आणि बायबल यांची तिथली जाण बेकऱ्याच्या भट्टीपाशी मिळणारी नाही. आणि चर्च एकमुखीही नव्हतं. १२४४ मध्ये लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट आपल्या हद्दीतल्या धर्मगुरूंना अशी नाटकं करू नका म्हणून लिहितात, आणि १४२६ मध्ये विल्यम मेल्टन हा फिरता प्रवचनकार यॉर्कच्या लोकांना सांगतो की नाटक चांगलंच आहे, पण त्याच दिवशी मिरवणूक असते आणि लोक खाण्यापिण्यात दंग राहून प्रार्थनेला येत नाहीत, तर दोन्ही वेगळ्या दिवशी ठेवा. म्हणजे अडचण नाटकाची नव्हती, गर्दीची होती.

वाटेवरचा, अरासचा दाखला जोरदार आहे. पण त्या वहीत व्यापारीही आहेत हे तुम्हीच लिहिलंत. वहीत नाव लागलं, शहरात घर झालं, की तो माणूस भटका राहिला का? १३२१ मध्ये पॅरिसच्या ३७ जोंग्लरांनी, त्यांत बायकाही होत्या, आपल्या धंद्याचे नियम करून घेतले. ते नियम वाचा, सूर बाहेरून येणाऱ्यांना काम मिळू नये असाच आहे. म्हणजे तुमचे भटके स्थिरावले की पहिलं काम करतात ते भटक्यांना वेशीबाहेर ठेवण्याचं.

वाटेवरचा

हे लागलं, पण खरं आहे. ज्याला एकदा सावली मिळालीय, तो घर मिळाल्यावर दाराला कडी घालणारच. त्याने त्याचं भटकेपण पुसलं जात नाही.

यॉर्कचं श्रेय मी शहराला देतो, उत्तरवारा, तुम्ही सांगितलंत त्यात वादाला जागा नाही. पण त्याच यॉर्कच्या नगरसभेचा १४७६ चा ठराव आहे. दरवर्षी उपासाच्या दिवसांत चार अत्यंत निपुण, जाणत्या नटांना बोलवायचं, त्यांनी सगळे नट, नाटकं आणि गाडे तपासायचे, आवाजाने किंवा अंगाने जो कमी पडेल त्याला काढून टाकायचं. आणि एका नटाने त्या दिवशी दोनपेक्षा जास्त वेळा काम करायचं नाही, केलं तर ४० शिलिंग दंड. लोक दोनहून जास्त गाड्यांवर काम करत असल्याशिवाय असा नियम कुणी करत नाही. एका गिल्डचा माणूस दुसऱ्याच्या गाड्यावर कशाला जाईल? पैशासाठी. म्हणजे अभिनय विकत मिळत होता, आणि निपुण कोण हे शहराला माहीत होतं.

शिवाय गाड्यांच्या बाहेर बघा. १४७० च्या आसपासचं 'मॅनकाइंड' नावाचं इंग्लिश नाटक पाचसहा नटांत होतं. मधेच खलपात्रं खेळ थांबवतात आणि म्हणतात, भल्या मोठ्या डोक्याचा सैतान बघायचा असेल तर आधी पैसे टाका. पैसे जमल्याशिवाय सैतान येत नाही! हे गिल्डचं तंत्र नाही, थाळी फिरवणाऱ्याचं आहे. क्रॉक्स्टनच्या नावाने ओळखलं जाणारं, प्रार्थनेत येशूचा देह मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या चमत्काराचं नाटक घ्या, त्याच्या शेवटी लिहिलंय की नऊ जण हे सहज करू शकतात, आणि सुरुवातीला दवंडी आहे, अमक्या गावी सोमवारी खेळ आहे म्हणून. पात्रं जास्त, माणसं नऊ. धर्माचं नाटक पाठीवर टाकून गावोगाव न्यायचं, हा त्याचा सरळ अर्थ.

कावेरी

क्रॉक्स्टनचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, नाहीतर वाचूनच थांबणार होते.

त्या नाटकात काय घडतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. काही ज्यू एका ख्रिस्ती व्यापाऱ्याला पैसे देऊन पवित्र भाकरी मिळवतात, तिला खंजीर खुपसतात, उकळतात, भट्टीत टाकतात. भाकरीतून रक्त येतं, जोनाथस नावाच्या ज्यूचा हात तिला चिकटतो आणि मनगटापासून तुटून येतो. शेवटी सगळे धर्मांतर करतात. हे नाटक पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. इंग्लंडमधून ज्यूंना राजाने हाकलून दिलं ते १२९० मध्ये. म्हणजे ज्या गावचौकांत हे दाखवलं गेलं, तिथे बघणाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनीही उभ्या जन्मात ज्यू शेजारी पाहिलेला नव्हता. जो तिथे नाहीच, त्याच्याबद्दलचा द्वेष पाठीवर टाकून गावोगाव नेला जात होता.

आणि जिथे ज्यू होते तिथे? रोममध्ये एक धार्मिक मंडळ गुड फ्रायडेला कोलोझिअममध्ये येशूच्या मरणाचं नाटक करायचं. ते बघून निघालेले लोक ज्यू वस्तीवर चालून जात. शेवटी पोप तिसरे पॉल यांनी १५३९ मध्ये ते बंद पाडलं.

जन्म कुठे झाला यावर तुम्ही इतकं प्रेमाने भांडताय, ते वाचायला आवडतं. पण नाटकाची ताकद मोजायची असेल तर यॉर्कच्या त्या आजोबांनी झाकलेल्या तळहातासोबत रोममधल्या ज्यू वस्तीतली बंद केलेली दारंही मोजा.

वाटेवरचा

कावेरी, मी ते नाटक फक्त माणसं मोजायला वापरलं, विषय गाळला. चूक झाली. रस्ता मला प्रिय आहे म्हणून रस्त्यावरून गेलेलं सगळंच चांगलं होत नाही, हे मी लिहायला हवं होतं.

मडगावकर

जागेवरून भांडताय, भाषेवर कुणीच बोललं नाही. तालीममास्तरांनी ओझरता उल्लेख केला तेवढाच. विंचेस्टरच्या पहाटे जे झालं ते लॅटिनमध्ये झालं, समोरच्या शेतकऱ्याला त्यातलं अक्षर कळलं नसेल. आदमाच्या नाटकात सैतान हव्वेला गोड बोलून भुलवतो ते लोकांच्या बोलीत. माझ्या मते खरी उडी ती. एकदा हव्वा आपल्या घरच्या भाषेत बोलू लागली की मग खेळ चर्चच्या आत होवो की बाहेर.

याला आपल्याकडचा एक धागा आहे, म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये धर्म बदलला, कॅथलिक जाऊन प्रोटेस्टंट आला, आणि ही नाटकं एकेक करून मोडली. यॉर्क १५६९, चेस्टर १५७५. १५७६ मध्ये वेकफील्डला हुकूम गेला की देवपिता, पुत्र किंवा पवित्र आत्मा यांचं सोंग कुणी आणायचं नाही. कोव्हेंट्री १५७९. त्याच १५७९ च्या ऑक्टोबरात विल्टशायरकडचा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला एक तिशीतला माणूस गोव्याच्या बंदरात उतरला. थॉमस स्टीफन्स. त्याच्या तरुणपणी त्याच्या देशात ही बायबलची कथा रस्त्यावर सांगायची सोय संपत चालली होती. इथे येऊन त्याने ती सगळी कथा, जगाच्या उत्पत्तीपासून येशूपर्यंत, मराठी ओवीत रचली. ११ हजारांच्या घरात ओव्या, १६१६ मध्ये छापलेलं 'क्रिस्तपुराण'. त्याने यॉर्क-कोव्हेंट्रीचे गाडे पाहिले होते असं मी म्हणत नाही. पण लोकांना देवाची गोष्ट त्यांच्या तोंडच्या भाषेत आणि त्यांच्या सवयीच्या छंदात सांगावी लागते, हे गाडेवाल्यांनी आणि स्टीफन्सने आपापल्या जागी ओळखलं.

तालीममास्तर

मडगावकर, १५७० च्या दशकातली दुसरी बाजूही जोडतो. १५७२ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने ज्या नटमंडळीला कुणी उमराव धनी नाही तिला भटके, बेवारस ठरवून शिक्षेस पात्र केलं. आणि १५७६ मध्ये जेम्स बर्बेज या मूळच्या सुताराने लंडनच्या वेशीबाहेर नाटकासाठीच इमारत बांधली. धर्मनाटक बंद, रस्ता बंद, मग उरलं काय? चार भिंती आणि दारावर पैसे. ज्यांना जमलं ते आत गेले. वाटेवरचा, तुमची माणसं शेवटी जिंकली असं मी म्हणेन, पण रस्ता सोडून.

शिलालेख

त्यात एक भर. गावागावांतल्या जुन्या हिशोबवह्यांतून नाटकाच्या नोंदी वेचून छापण्याचं मोठं काम १९७० च्या दशकात टोरोंटोहून सुरू झालं, यॉर्कचा खंड १९७९ मध्ये आला. त्या खंडांतून फिरत्या मंडळ्यांना दिलेल्या पैशांच्या ओळीच ओळी निघाल्यात. वाटेवरचा, तुम्ही म्हणता ती माणसं तिथे आहेत. बहुतेक ठिकाणी नाव नाही, 'खेळ करणाऱ्यांना' एवढंच आणि पुढे रक्कम. त्यांनी धर्मनाटकाला अभिनय शिकवला, हे मी अजूनही मानत नाही. ते त्याच रस्त्यांवरून जात होते, हे मानतो.

उत्तरवारा

हिशोबवह्यांचं निघालंच आहे, तर मला आवडलेल्या ओळी लिहिते. कोव्हेंट्रीच्या लोहारांच्या गिल्डची वही. १४९० मध्ये देव झालेल्या नटाला २ शिलिंग, हेरोद राजाला ३ शिलिंग ४ पेन्स, येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पायलट याला ४ शिलिंग. देवापेक्षा पायलटला दुप्पट, कारण त्याचं काम मोठं. हे लिहिणाऱ्याला त्यात वावगं काही वाटलेलं नाही, भूमिकेप्रमाणे मजुरी.

आणि १५७३ ची नोंद. कोव्हेंट्रीचे गाडे कायमचे थांबायला सहा वर्षं उरली आहेत. फॉस्टन नावाच्या माणसाला, येशूशी दगा करणाऱ्या जूडासला फाशी देण्याबद्दल ४ पेन्स. खालच्याच ओळीत त्याच फॉस्टनला कोंबड्याची बांग देण्याबद्दल आणखी ४ पेन्स. शिष्य पीटर तीनदा येशूला नाकारतो तेव्हाचा तो कोंबडा. गाड्यामागे कुणाला न दिसता उभा राहून, वेळ नेमकी साधून तो ओरडला असणार, दर थांब्यावर, पुन्हा पुन्हा. वाटेवरचा, तुम्ही त्याला तुमचा म्हणा. शिलालेख, तुमच्यासाठी तो कागदावर आहे. मी कोव्हेंट्रीला गेले होते तेव्हा जुन्या गल्लीत उभी राहून त्याच्या आवाजाचा विचार करत होते.